मगनशेठची टाकी

मगनशेठ टाकी बांधतायत ही बातमी लोणखेड्यात पसरली, तेव्हा दोन माणसं नळजोडणीचे अर्ज घेऊन त्यांच्या जिनिंगवर आली होती. शेठ एका लग्नात चारचौघांत सांगून बसले होते, की आपण आता एक 'थिंक टँक' काढतोय. पंगतीत बसलेल्यांनी त्यातला टँक तेवढा उचलला. मग शेठनी कितीही मोठी पाटी लावली, 'तापीकाठ धोरण अभ्यास मंडळ', तरी त्या जागेचं नाव टाकीच पडलं. रिक्षावाले टाकीवर सोडायचे, पोस्टमन टाकीवर टपाल टाकायचा. आणि शेठ कुठे गेले म्हणून घरी कुणी विचारलं, की त्यांच्या पत्नी तापीबाईसुद्धा चेहरा सरळ ठेवून सांगायच्या, "टाकीवर."

टाकी म्हणजे जिनिंगच्या ऑफिसवर चढवलेल्या दोन खोल्या. काचेचा दरवाजा, एक एसी, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि नमिरा. नमिरा म्हणजे शहाद्यातल्या सलाउद्दीन गादीवाल्याची मुलगी. अर्थशास्त्रात एम.ए. झालेली, चष्मा डोक्यावर चढवून तो शोधत फिरणारी. सलाउद्दीन वर्षानुवर्षं शेठच्या जिनमधून सरकी काढलेला कापूस न्यायचा. एकदा तो म्हणाला, पोरगी शिकून घरात बसलीय. शेठ म्हणाले, उद्यापासून पाठव. शेठचं सगळं असंच. विचार करायची संस्था काढली, तीही विचार न करता.

पण त्यामागे एक जुनं शल्य होतं आणि ते तापीबाईंना ठाऊक होतं. जिनिंग, पपईची शेड, केळीचे ट्रक, इतकं सगळं असूनही मगनशेठ जन्मभर शिष्टमंडळात मागच्या रांगेत उभे राहिले. हार त्यांनी आणायचा आणि घालायचा दुसऱ्यानं. मंत्र्यांच्या दालनाबाहेर तीन-तीन तास बसायचं, आत गेल्यावर "हो हो, बघू" एवढं ऐकून बाहेर यायचं. परतताना गाडीत ते गप्प असत. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की निवेदन टोपलीत जातं, पण अहवालाला क्रमांक पडतो. त्या दिवसापासून शेठ अहवालाच्या मागे लागले. या वयात माणूस देवदर्शनाला निघतो, हे नकाशे लावून बसले. तापीबाई चिडवायच्या, पण सकाळी इस्त्रीचा सदरा घालून जिना चढणारा आपला नवरा त्यांना आवडायला लागला होता, हेही खरंच.

पहिले दोन अहवाल कुणी उघडले नाहीत. तिसऱ्याचं मात्र नशीब उघडलं. विषय होता मजुरांच्या स्थलांतराचा. शहादा तालुक्यातल्या वस्त्यांवर जाऊन नमिरा आणि तिच्या दोन मैत्रिणींनी चारशे बारा बायांशी बोलून घेतलं, मोबाईलवर आवाज भरून आणला. निष्कर्ष असा निघाला, की या बाया वर्षातले जवळजवळ आठ महिने गावाबाहेर असतात. मग शिफारशी. ज्या वस्त्या आठ महिने रिकाम्या, तिथल्या अंगणवाड्या बंद करून ऊसतोडीच्या वाटेवर न्याव्यात, म्हणजे मुलांचा खाऊ मुलांच्या मागे जाईल. आणि खाली, जरा बारीक अक्षरात, मजूर जिल्ह्यातच थांबवणाऱ्या उद्योगांना वीजदरात सवलत द्यावी. ही दुसरी शिफारस शेठनी स्वतः लिहिली होती हे सांगायला नकोच.

मुंबईहून पत्र आलं. राज्याची समिती लोणखेड्यात येऊन अहवाल ऐकणार, पाच वस्त्यांवर प्रयोग म्हणून अंमल लगेच सुरू करणार. शेठनी ते पत्र तापीबाईंना तीनदा वाचून दाखवलं. तापीबाईंनी शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी तापीबाई पपईच्या शेडवर गेल्या. तिथे त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं, पण बायांमध्ये बसून पपया रद्दी पेपरात गुंडाळण्याचा त्यांना नाद होता. हात चालायचे, गप्पा चालायच्या. भिकुबाई तिथली सगळ्यात जुनी. चार-पाच फळं गुंडाळून झाल्यावर तिनं तोंड उघडलं.

"माय, मन्ही नात जास ती आंगनवाडी बंद व्हनार शे का वं?"

"कोन सांगं तुले?"

"आंगनवाडीवाली बाईच सांगे. शेठनी मुंबईले कागद धाडेल शे म्हने. आम्ही वरीसमा आठ महिना गावमा ऱ्हातसच नही, आशे लिखेल शे त्यामा."

तापीबाईंचा हात थांबला. "मंग तू कोठे जास आठ महिना?"

भिकुबाई हसली. हसली म्हणजे रागानंच हसली. "मी कोठे जासू माय! शहादाना बजारना पुढे मन्हा पाय कधी गया नही. नवरा जास दोन महिना उसतोडीले. मी आठेच ऱ्हास. दुपारनं खानं ती पोर तठेच खास. ते बंद व्हयनं तं तिले कोन दी?"

आता ही भिकुबाई वर्षाचे बारा महिने तापीबाईंच्या डोळ्यांसमोर. ती आठ महिने गायब असती तर पहिल्यांदा तापीबाईंनाच चुकल्यासारखं झालं असतं. त्या तशाच उठल्या, पदराला हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकीचा जिना चढल्या.

नमिरा धावतच पुढे आली. "मावशी, तुम्ही? शेठकाका तर उद्याची खुर्च्यांची व्यवस्था बघायला गेले."

"मला भिकुबाईचा आवाज ऐकव," तापीबाई म्हणाल्या.

नमिरानं शोधून लावला. आधी शेळी ओरडली, मग नमिराच्या मैत्रिणीचा आवाज आला, "बाई, वरीसमा कितला महिना गावना बाहेर ऱ्हातस तुम्ही?" आणि लगेच भिकुबाईचं ते ठसक्यातलं उत्तर, "आठेच!"

नमिरा कपाळावर हात मारून खाली बसली. "या अल्ला. मावशी, ही तर आठेच सांगी ऱ्हायनी! यहींच! इथेच!"

"आणि तुम्ही लिहिलंत आठ."

"मी नाही लिहिलं," नमिरा म्हणाली आणि मग तिला रडूच आलं. मालेगावला मामेबहिणीचं लग्न होतं, ती आठवडाभर गेली होती. तेवढ्यात शेठकाकांनी सगळे आवाज घरी नेले आणि महिन्यांचा रकाना स्वतः ऐकून भरला. आल्यावर तिला आकडा जास्त वाटला होता. पण काकांनी स्वतः बसून भरलेलं, आपण कोण तपासणार, म्हणून ती गप्प बसली. दोघींनी मग आणखी वीसेक आवाज लावले. दोन म्हणणाऱ्या होत्या, चार म्हणणाऱ्या होत्या. पण बहुतेक जणी एकच सांगत होत्या, कुणी कंटाळून, कुणी हसून. आठेच. आठेच वं. आठेच ना माय, आखो कोठे?

चूक कशी झाली हे तापीबाईंना तिथेच उमगलं. त्यांच्या गुजर घरात बोलणं गुजरातीला जवळच्या गुजरी बोलीत, बाजारात अहिराणीत आणि अहवालात मराठीत. गुजरीच्या कानाला 'आठेक' म्हणजे सुमारे आठ. महिने किती या प्रश्नापुढे कान आकडाच शोधत बसलेला. त्यात बाईनं 'आठेच' म्हटलं, शेठनी 'आठेक' ऐकलं, आणि चारशे बायांची घरं कागदावर ओस पडली. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. पुण्याच्या माणसानं निदान अर्थ विचारला असता.

दुपारी शेठ जेवायला आले ते उड्या मारतच. हॉल ठरला, माईक ठरला, समितीच्या अध्यक्षबाईंसाठी शहाळी ठरली. तापीबाईंनी त्यांना पोटभर जेवू दिलं. उपाशी माणसाला वाईट सांगू नये असं त्यांचं मत होतं. मग ते झोक्यावर टेकले तेव्हा त्यांनी नमिरानं पाठवलेला आवाज मोबाईलवर लावला. दोघांचं पुढचं बोलणं गुजरीत झालं, ते इथे साध्या मराठीत सांगितलेलं बरं.

"काय ऐकू येतं?"

"आठेक," शेठ म्हणाले. "का?"

"परत ऐका. भिकुबाई आहे ती."

"आठे..." शेठ म्हणाले आणि पाय टेकवून त्यांनी झोका थांबवला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावला. चौथ्यांदा कानाला चिकटवून ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरत गेलं. ते बघताना आपणच हे केलं असं तापीबाईंना वाटलं.

"प्रती छापून गेल्यात," शेठ म्हणाले.

"हो."

"उद्या दहाला समिती."

"हो."

"असं करू. उद्याचं उद्या होऊन जाऊ दे. नंतर शांतपणे दुरुस्तीपत्रक पाठवतो. अशी पत्रकं सगळेच पाठवतात."

"नंतर म्हणजे कधी? अंगणवाडीला कुलूप लागल्यावर?"

शेठ एकदम भडकले. तुला काय कळतं धोरणातलं, एक अहवाल उभा करायला काय लागतं, पहिल्यांदा कुणीतरी मला खुर्ची देतंय, आणि उद्या मीच उठून सांगू की मला इथे आणि आठ यातला फरक कळत नाही? सगळी टाकी बुडेल माझी!

"टाकी बुडत नाही," तापीबाई म्हणाल्या, "टाकी फुटते."

एरवी शेठ हसले असते. आज ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. तापीबाई रिकाम्या झोक्यावर जाऊन बसल्या. त्यांना त्या माणसाचा राग येत नव्हता. तीस वर्षं मागच्या रांगेत हार धरून उभा राहिलेला माणूस त्यांना दिसत होता, आणि दुसऱ्या बाजूला पितळी ताटली घेऊन दुपारची वाट बघणारी भिकुबाईची नात. ही दोन्ही माणसं एकाच वेळी आपली कशी असू शकतात, याचं त्यांना नवल वाटलं. एवढं मात्र पक्कं होतं, की नवऱ्याला सन्मान दुसरीकडून कुठूनही आणता येईल, पोरीचं जेवण येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली चांगली साडी काढली. भिकुबाईला निरोप धाडून बोलावून घेतलं. दोघी हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. भिकुबाई खुर्चीच्या अगदी कडेवर, उठायला सोपं पडेल अशी.

शेठनी त्यांना पाहिलं. नजर वळवली, पुन्हा पाहिलं. ते आता काय करणार आहेत हे तापीबाईंना खरोखरच ठाऊक नव्हतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी काही गोष्टी ठाऊक नसतात.

अध्यक्षबाई निवृत्त सचिव होत्या, बोलायला गोड. शहाळं बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मगनभाई, आम्ही खूप अहवाल वाचतो. पण आठ महिन्यांचा हा आकडा आमच्याकडे कुणाकडेच नव्हता."

शेठ माईकपाशी उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी उगाच चाचपलं.

"नसणारच, बाई," ते म्हणाले. "तो खरा नाही."

शेठनी नमिराकडे बोट केलं. नमिरानं आवाज लावला. स्पीकरमधून शेळी ओरडली, प्रश्न आला आणि भिकुबाई कडाडली, "आठेच!" खुर्चीवरची भिकुबाई दचकली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"बाई, तुम्हाला काय ऐकू आलं?" शेठनी विचारलं.

"आठच, असं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मागे बसलेल्या गाववाल्यांत हशा उसळला.

"आठे म्हणजे इथे. आठेच म्हणजे इथेच. ही बाई सांगतेय की मी कुठेही जात नाही." शेठ थांबले. "तुम्हाला आठ ऐकू आलं, तुम्ही मुंबईच्या. माझ्या घरात गुजरी आहे, तिच्यात आठेक म्हणजे आठच्या आसपास, असं म्हणून मलाही सुटता येईल. पण चाळीस वर्षं मी या लोकांशी अहिराणीत बोलतोय. मला कळत नाही असं नाही. मजूर मिळत नाहीत, सगळे गुजरातला पळतात, हे मी प्रत्येक दालनात सांगत फिरलो. मला आठच ऐकायचं होतं, म्हणून मी आठ ऐकलं. अहवाल मी मागे घेतो. पाच वस्त्यांची नावं कृपा करून खोडा. आणि ती विजेची सवलतही खोडा, ती याच आकड्यावर उभी होती."

हे शेवटचं वाक्य ते जरा घाईत बोलले. पण बोलले.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मग मजूर मिळत का नाहीत, मगनभाई?"

बहात्तर पानांच्या अहवालात हा प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता. शेठ वळले आणि भर सभेत, माईकमधूनच म्हणाले, "भिकुबाई, बठ्ठ्या बाया आठेच शेतस, तं मन्हा शेडवर कामले काबरं येतस नही?"

भिकुबाईनं तापीबाईंकडे पाहिलं. तापीबाईंनी मान हलवली. ती उठली.

"शेठ, आंगनवाडी उघडस दहाले. तुमनं काम सातले चालू व्हस. मधला तीन तास धाकलं पोर कोठे ठेवानं? मन्ही सून त्यामुळेच घर ऱ्हास. तुमना शेडमा पपईले सावली शे, पोरले नही."

नमिरानं त्याचं मराठी केलं. अध्यक्षबाईंनी अहवालाची शेवटची कोरी पाठ उलटली आणि तिच्यावर लिहून घ्यायला सुरुवात केली. अंगणवाडी सातला उघडता येईल का, शेडजवळ दुसरी सुरू करता येईल का, अशा गोष्टी. सभा संपली तेव्हा अहवालाला क्रमांक पडला नव्हता. पाच नावांवर रेघ मात्र अध्यक्षबाईंनी तिथेच मारून दाखवली, आणि भिकुबाईनं पुढे होऊन आपल्या वस्तीच्या नावावरची रेघ बोटानं तपासून घेतली.

भिकुबाईला वस्तीवर सोडून परतताना गाडी शेठच चालवत होते. पुरुषोत्तमनगरचा फाटा गेला, दोन्ही बाजूंना केळी लागली, तरी ते बोलेनात. तापीबाईंना वाटलं, झालं, आता हा माणूस आठवडाभर असाच राहणार. त्यांना त्याचा इतका अभिमान वाटत होता, की तो कसा सांगावा हेच सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं.

"आज तुम्ही पहिल्या रांगेत होतात."

शेठनी गाडी हळू केली. मग रस्त्याच्या कडेला घेऊन बंदच केली.

"तापी, एक विचारू? बेचाळीस वर्षांत तुझंही मी काही असंच ऐकलं असेल का? मला हवं तसं?"

तापीबाई हसल्या. "जाऊ द्या. घरी चला."

"नाही. सांग."

त्यांनी बाहेर बघितलं. केळीच्या घडांना निळ्या पिशव्या घातल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी तुम्हाला म्हटलं होतं. जेवायला वाढताना. तुम्ही दुसऱ्याच दिवशी नंदुरबारहून शिलाईचं मशीन घेऊन आलात. पायाचं. टेम्पोतून, स्वतः धरून आणलंत. इतके खूश होतात, की मला काही बोलवेना."

"तूच म्हणालीस, शिवायचंय."

"शिकायचंय म्हटलं होतं," तापीबाई म्हणाल्या. "सातवीत शाळा सुटली होती माझी. मी म्हटलं होतं, मला शिकायचंय."

मशीनवर त्यांनी दोन मुलांचे कपडे शिवले, नातवंडांची झबली शिवली, शेठच्या सदऱ्यांना बटणं लावली. वाईट काही झालं नव्हतं. ते त्या सांगणारही होत्या. पण शेठनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते आणि ते पूर्ण त्यांच्याकडे वळून बसले होते.

"परत म्हण," ते म्हणाले. "हळू म्हण."

तापीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले आणि एकेक अक्षर सुटं करत परत म्हटलं.